मल्हारगडाची वाट आणि जुनी सायकल

"न्यायची तर ने, पण जशी नेशील तशी परत आण," आई म्हणाली.

सायकल माझ्या धाकट्या भावाची. तो गेला त्याला सहा वर्षे झाली. तेव्हापासून ती जिन्याखाली उभी असते आणि दर दसऱ्याला आई तिला झेंडूची माळ घालते. आता त्याचा मुलगा पंधरा वर्षांचा झाला आहे आणि त्याचा डोळा तिच्यावर आहे. तिला डोंगर अजून सोसतो का, हे आधी आपण पाहावे, म्हणून भाद्रपदातल्या एका रविवारी मी तिच्यासह सासवडला उतरलो.

सायकल डोंगरी जातीची. ही जात कॅलिफोर्नियातली. तिथे टॅमल्पाइस डोंगराच्या आसपास १९७०च्या दशकात काही तरुण जुन्या, जाड टायरांच्या सायकली उतारावरून भरधाव सोडीत. एका उताराचे नावच पडले 'रीपॅक'. कारण खाली पोचेपर्यंत ब्रेकमधले ग्रीस जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे. असल्या दांडग्या घराण्यातल्या सायकलीला मी तळहातावरच्या फोडासारखे जपायला निघालो होतो!

सासवडच्या सायकलवाल्याने चाक उचलून फिरवले. आउट नव्हते. एकेक स्पोक चिमटीत धरून पाहिला, नट आवळले, फ्रेमच्या सांध्यांवर कुठे चीर नाही ना, ते बोट फिरवून तपासले. हवा भरताना म्हणाला, "मास्तर, दगडासारखी टणक नको, चाक उडेल. फार कमीही नको, रिम न् दगडात ट्यूब चिमटेल. आणि खड्डा आला की सीटवर बसून राहू नका."

सोनोरी गाव मागे पडले आणि कच्ची वाट सुरू झाली. मी उभा राहिलो. दोन्ही पायडल एका पातळीत, गुडघे-कोपर सैल. सायकल खालच्या खाली नाचू लागली. धक्के तिच्या चाकांऐवजी माझ्या गुडघ्यांनी घेतले. चढावर मात्र चुकलो. चढ लागण्याआधीच हलका गियर टाकायचा, तो मी ऐन चढात, पायांवर सारा जोर असताना टाकला. चेन अशी कडाडली, की मला आईचा चेहरा आठवला! पुढचा तुकडा मुकाट्याने सायकल हातात धरून चढलो. जिथे शंका, तिथे उतरावे. त्यात कमीपणा कसला? वारकरी दिवे घाट चालतच चढतात.

गडाखाली सायकल झाडाला टेकवून वर गेलो. मराठ्यांनी बांधलेल्या किल्ल्यांत हा अखेरचा मानतात. पेशव्यांच्या तोफखान्याचे सरदार पानसे यांनी १७५७ ते १७६०च्या सुमारास तो उभारला. पुढच्याच वर्षी पानिपत झाले. बालेकिल्ल्यात खंडोबा आणि महादेव शेजारी शेजारी आहेत. समोर पुरंदर-वज्रगडाची जोडी. भाऊ इथे अनेकदा येई, 'चल' म्हणे, मला नेहमी पेपर तपासायचे असत.

उतरताना खरी परीक्षा. ब्रेक रबराचे, रिमवर घासणारे. सतत दाबून ठेवले तर रिम तापते. म्हणून दाबावे, सोडावे, पुन्हा दाबावे. आणि दगडाच्या आधी वेग कमी करून, दगडावर चाक मोकळे सोडावे. मध्येच थांबून मी रिमला बोट लावले आणि चटकन मागे घेतले. ती निवेपर्यंत बांधावर बसून राहिलो. घाई कोणाला होती?

संध्याकाळी घरी पोचलो. पुतण्या दारातच उभा. "काका, कशी आहे?"

"ठणठणीत. पुढच्या रविवारी तू चालव. मी मागून येतो."

आईने सायकलीवरून हात फिरवला. मग पुसायचे फडके आणले आणि माझ्याकडे न देता त्याच्या हातात दिले.