खंड्याची उजवी बाजू

आमच्या घरांत परीक्षेचें वातावरण पुनः कधीं येईल असें आम्हांस वाटलें नव्हतें. मुलें शिकून आपापल्या वाटेनें गेलीं, त्यांच्या गुणपत्रिका ट्रंकेच्या तळाशीं जाऊन बसल्या, आणि यापुढें या घरांत पास-नापासाचा घोर कोणास लागावयाचा नाहीं अशा समजुतीनें आम्ही सेवानिवृत्तीचे दिवस सुखानें घालवीत होतों. अशा वेळीं, २०२२ सालच्या दिवाळीच्या सुमारास, एका परीक्षार्थीचें आमच्या घरीं आगमन झालें. त्याचें वय आठ वर्षांचें होतें. म्हणजे मनुष्याच्या हिशेबानें तो जवळ जवळ आमच्याच पंक्तीला बसण्याजोगा होता. त्याच्या वंशावळीच्या कागदावर एक लांबलचक विलायती नांव आहे. परंतु अण्णांनीं त्याला पहिल्या दिवसापासून खंड्या म्हटलें, आणि लॅब्राडॉर जातीच्या त्या पिवळसर कुत्र्यानेंही तें नांव बिनतक्रार पत्करलें.

अण्णा म्हणजे आमचे वडील बंधु. ते साताऱ्यास राहत. वहिनी पूर्वींच गेल्या होत्या. २०१९ सालीं अण्णांस अर्धांगवायूचा झटका आला. पुढें ते काठीच्या आधारानें थोडें हिंडूंफिरूं लागले, परंतु वाचा गेली ती गेलीच. २०२२ च्या पावसाळ्यांत ते वारले. पुतण्या परदेशीं असतो. त्यानें येऊन बापाच्या घराची, भांड्याकुंड्यांची आणि पुस्तकांची व्यवस्था पंधरा दिवसांत लाविली. एका खंड्याची व्यवस्था मात्र कोठें लागेना. तेव्हां कांहीं दिवस अण्णांच्या गड्याकडे राहून तो अखेर पुण्यास आमच्या दारीं आला, आणि दारींच राहिला. उंबऱ्याशीं तोंड करून तो दिवसचे दिवस पडून राही. ताटलींत घातलेलें अर्धें खाई, अर्धें ठेवी. हांक मारली तर कान हलवी, उठत नसे.

पशुवैद्यानें तपासून सांगितलें कीं रोग कांहीं नाहीं. वजन थोडें उतरवा, कंबरेचे सांधे आंखडूं लागले आहेत म्हणून उड्या मारूं देऊं नका, पण त्याला कांहींतरी काम द्या. आतां आठ वर्षांच्या कुत्र्याला काम तें कोणतें द्यावयाचें? आम्हांस स्वतःलाच तें मिळेनासें झालें होतें. तोडगा सौभाग्यवतींनीं काढिला. नदीपलीकडच्या एका मैदानावर रविवारीं सकाळीं कुत्र्यांना आज्ञापालन शिकविण्याचा वर्ग चालतो, हें त्यांनीं कोठून तरी ऐकिलें होतें. "दोघेही घरांतून बाहेर तरी पडाल," असें त्या म्हणाल्या. त्यांतील 'दोघेही' या शब्दावरील जोर आमच्या ध्यानांतून सुटला नाहीं.

या परीक्षांचा इतिहास मोठा मौजेचा आहे. चाणक्यनीतींत कुत्र्यापासून शिकण्याजोगे सहा गुण सांगितले आहेत. त्यांत स्वामिभक्ति आहे, परंतु आज्ञापालन नाहीं. हें सातवें शास्त्र अमेरिकेंतील एका बाईच्या हट्टांतून वाढीस लागलें. हेलन व्हाइटहाउस वॉकर या बाईंजवळ पूडल जातीचे थोराड कुत्रे होते. त्यांच्या कातरलेल्या केसांच्या झुपक्यांवरून लोक थट्टा करीत. म्हणून या डोक्यांत बुद्धीही आहे हें दाखविण्यासाठीं बाईंनीं १९३३ सालीं न्यूयॉर्कजवळच्या माउंट किस्को या गांवीं एक परीक्षा भरविली. तीस आठ कुत्रे बसले. १९३६ सालीं अमेरिकन केनेल क्लबनें या परीक्षेस मान्यता दिली, आणि १९३७ सालीं वॉकरबाई व त्यांच्या सहकारी ब्लँच सॉन्डर्स या दोघी मोटारीला राहुटीगाडी जोडून, कुत्र्यांसह, दहा हजार मैलांचा प्रचारदौरा करून आल्या. धर्मप्रचारकांसही लाजविणारा हा उत्साह! परीक्षेंत कुत्र्यानें मालकाच्या डाव्या पायाला लागून चालावें, मालक थांबला कीं बसावें, परक्या परीक्षकानें अंगावरून हात फिरविला तरी हलूं नये, दुरून हांक मारतांच सरळ येऊन समोर बसावें, आणि सांगितलें तेथें सांगितला वेळ पडून राहावें, असे प्रकार असतात. त्या क्लबच्या नियमांत २०० पैकीं निदान १७० गुण, आणि शिवाय प्रत्येक प्रकारांत निम्म्याहून अधिक गुण मिळवावे लागतात. आमच्या शाळेंत ही दुसरी अट असती तर आम्ही मॅट्रिक झालोंच नसतों. आमचें गणित एकट्यानेंच आम्हांस बुडविलें असतें. आपल्याकडे हिवाळ्यांत कुत्र्यांचीं प्रदर्शनें भरतात, त्यांच्या जोडीनें अशा परीक्षा कोठें कोठें होतात. आम्ही ज्या परीक्षेची तयारी केली तिचे नियम याच वळणाचे होते.

वर्गाची शिक्षिका पंचविशींतली मुलगी. पहिल्याच दिवशीं ती म्हणाली, "काका, तुम्ही बोलता फार." चाळीस वर्षें आम्ही बोलण्यावरच पगार घेतला, हें तिला सांगण्यांत अर्थ नव्हता. एक आज्ञा एकदांच द्यावी, ऐकली कीं तत्क्षणीं खाऊ द्यावा, पांच मिनिटांच्या वर शिकवूं नये, हा तिचा धडा. आम्हीं भीत भीत वयाचा प्रश्न काढिला. तेव्हां तिनें व्हिएन्ना येथील एका प्रयोगाची हकीकत सांगितली. तो २०१६ सालीं प्रसिद्ध झालेला आहे, आणि आम्ही पुढें तो स्वतः वाचून पाहिला. पांच महिन्यांपासून तेरा वर्षांपर्यंतच्या बॉर्डर कोली जातीच्या कुत्र्यांना पडद्यावरचीं चित्रें नाकानें निवडावयास शिकविलें. म्हाताऱ्यांना शिकावयास वेळ अधिक लागला, हें खरें. परंतु एकदां शिकलेलें सहा महिन्यांनंतर आठवण्यांत ते तरुणांना हार गेले नाहींत, आणि ओळखीचें चित्र चूक असल्याचें ठाऊक असेल तर अनोळखी तेंच बरोबर असलें पाहिजे, हा तर्क त्यांनींच अधिक चांगला केला. हें वाचून आम्हांस स्वतःविषयीं जो आनंद झाला तो खंड्याच्या हितचिंतनांत मोडत नाहीं.

आमचें स्वयंपाकघर शाकाहारी. पनीरचे तुकडे खंड्यानें हुंगून सोडून दिले. शेवटीं उकडलेलें अंडें घरांत आलें. त्याकरितां एक निराळें पातेलें, एक निराळी सुरी आणि मोरीजवळची एक निराळी फळी नेमून देण्यांत आली. शहाबादी फरशीवर त्याचे मागचे पाय सरकत, म्हणून दिवाणखान्यांत रबरी चटई अंथरली. थंडीच्या दिवसांत आधीं दहा मिनिटें चालवून त्याचे सांधे सैल करावे, मगच बसावयास सांगावें, आणि तेंही मोजकेंच, अशी शिस्त लागली. महिन्याभरांत तो ताटली चाटूनपुसून संपवूं लागला.

अभ्यास मात्र पुढें सरकेना. 'बस' म्हटलें तर तो आमच्याकडे पाहत उभा राही. 'ये' म्हटलें तरी तेंच. आणि डाव्या बाजूस तर तो मुळीं टिकेचना. दहा पावलें चालतों न चालतों तों मागून वळसा घालून उजव्या मांडीशीं येऊन लागे. त्यास डावीकडे ओढावा, तो पुनः उजवीकडे. आम्हीं शिक्षिकेस म्हटलें, "हें कुत्रें हट्टी आहे. जित्याची खोड मेल्यावांचून जात नाहीं." तिनें उत्तर दिलें नाहीं, उजवीकडे भिंत ठेवून चालावयास सांगितलें, म्हणजे त्या बाजूस त्याला जागाच राहूं नये. अंडें डाव्या हातांत, डाव्या मांडीजवळ. 'बस' या शब्दाऐवजीं कांहीं नवाच शब्द घ्या, जुना बिघडलेला दिसतो, असेंही ती म्हणाली. आम्हीं 'टेक' हा शब्द घेतला.

परीक्षेच्या अर्जास खंड्याच्या नोंदणीचा मूळ कागद लागणार होता. तो साताऱ्याच्या घरीं एका पत्र्याच्या पेटींत राहिला होता. अण्णांकडे अखेरपर्यंत राहिलेला गडी तो घेऊन एके सकाळीं आला. आम्ही तेव्हां कुंपणाच्या भिंतीलगत आमच्या फेऱ्या घालीत होतों. तो पायरीवर बसून थोडा वेळ पाहत राहिला, आणि मग हंसूं लागला.

"धाकलं मालक, तो त्या अंगानं न्हाई चालायचा. मालकांचा उजवा पाय वढायचा न्हवं, मग काठी डाव्या हातात. काठीच्या अंगानं कुत्रं चालंल कसं? दोनदा काठी लागली त्याला, मग त्याचं त्यानंच उजवं अंग धरलं. मालक झोक गेला की त्याच्या पाठीवर हात टेकायचं."

मेंदूच्या डाव्या भागाचा रक्तपुरवठा तुटला म्हणजे उजवें अंग आणि वाचा हीं दोन्ही पुष्कळदां एकदमच जातात, हें आम्हांस डॉक्टरांनीं २०१९ सालींच समजावून दिलें होतें. काठी कोणत्या हातांत येईल याचा विचार आम्हीं केला नव्हता. गडी सांगत होता कीं रोज सकाळीं दोघे राजवाड्यापर्यंत जाऊन येत. दहा मिनिटांच्या त्या वाटेला जातांयेतां तास लागे. "आन् शब्द तर त्येंच्यापाशी एकच ऱ्हायला होता. 'बरं.' ये म्हनायचं तरी बरं, बस म्हनायचं तरी बरं, दुखतंय म्हनायचं तरी बरंच. खंड्याला समदं उमजायचं. मला बी इतकं न्हाई उमजलं."

त्या तीन वर्षांत आम्ही साताऱ्यास पांच वेळां गेलों. मध्यें टाळेबंदीचें निमित्त होतेंच. परंतु टाळेबंदी उठल्यानंतरचा हिशेबही कांहीं मोठा नाहीं. प्रत्येक वेळीं आम्ही अण्णांच्या पलंगाशेजारीं खुर्ची ओढून बसत असूं, आणि "कसं काय, अण्णा?" असें विचारीत असूं. ते म्हणत, "बरं." आम्ही तें उत्तर समजलों. एक वेळ तर त्यांनीं आमचा हात धरून तें लागोपाठ तीन-चार वेळां म्हटलें. आम्हांस आठवतें कीं परततांना गाडींत आम्ही सौभाग्यवतींस म्हणालों, यंदा अण्णांची प्रकृति पुष्कळच सुधारलेली दिसते.

गडी चहा पिऊन गेला. त्या दिवशीं अभ्यास झाला नाहीं.

खंड्याला डावी बाजू शिकवावी कीं नाहीं, याविषयीं आमच्या मनानें नंतर पुष्कळ घोळ घातला. शिक्षिकेस सारें सांगितलें, तेव्हां ती व्यवहाराचें बोलली. जुनें पुसलें जात नाहीं, नवें त्याच्यावर बसतें, इतकेंच. आणि त्याला तुमच्याबरोबर काम करावयास आवडूं लागलें आहे, तें आतां बंद करूं नका. तें खरेंही होतें. गळपट्टा हातांत घेतांच तो उठून, अंग झाडून, दाराशीं उभा राही. आम्ही चालू ठेविलें. वर्षभरानें भिंतीची गरज उरली नाहीं. 'टेक' म्हणतांच तो टेकूं लागला, आणि दुरून हांक मारली कीं त्या जड अंगानें जें धांवत येई तें पाहून मैदानावरचीं पोरें टाळ्या पिटूं लागलीं.

परीक्षा २०२४ च्या जानेवारींत झाली. सकाळीं दंव होतें. आमच्या गटांतील इतर कुत्रे दोन-तीन वर्षांचे, आणि त्यांचे मालकही त्याच बेताचे. दोरीसह चालणें बरें झालें. परीक्षकानें पाठीवरून हात फिरविला तेव्हां खंड्यानें शेपटीखेरीज कांहीं हलविलें नाहीं. मग दोरी सोडून चालणें आलें. सरळ, डावें वळण, उजवें वळण, थांबा. 'जलद' अशी आज्ञा झाली, तेव्हां आमचा डावा गुडघा कळवळला, खंड्या नाहीं. त्यानंतर परीक्षक म्हणाले, "सावकाश."

आम्ही चाल कमी केली. आमच्या मागून एक वळसा पडल्याची चाहूल लागली, आणि उजव्या मांडीला ऊब आली. खंड्या तेथें चालत होता, अगदीं पायाला लागून, अर्धें पाऊलही पुढें नाहीं कीं मागें नाहीं. नियमाप्रमाणें आम्हांस दुसरी आज्ञा देऊन त्याला डावीकडे घेतां आलें असतें. कांहीं गुण गेले असते, पण बाकीचे राहिले असते. शिक्षिका दोरीपलीकडून हातानें तेंच सुचवीत होती. आम्हीं आज्ञा दिली नाहीं. परीक्षकांनीं 'थांबा' म्हणेपर्यंतचें तें अंतर फार तर पंधरा पावलें असेल. आम्हीं तें जितकें सावकाश चालवेल तितकें चाललों.

त्या प्रकारांत निम्मे गुण पडले नाहींत, तेव्हां बाकी कांहींही केलें तरी नापास. पडून राहण्याच्या प्रकारांत खंड्या इतका पडून राहिला कीं त्याला झोप लागली, आणि त्याच्या घोरण्यानें शेजारचा एक जातिवंत जर्मन शेफर्ड उठून उभा राहिला. त्याच्या मालकिणीची आम्हीं क्षमा मागितली. परीक्षक भले गृहस्थ होते. कुत्रा उत्तम तयार आहे, एवढी बाजूची चूक सुधारा, आणि पुढच्या हिवाळ्यांत पुनः या, असें ते म्हणाले.

शिक्षिकेच्या मतें ही दोन महिन्यांची मेहनत आहे. आम्ही रविवारीं अजून जातों. सरळ चालणें, वळणें, हांक, सर्व करितों. सावकाश चालण्याचा अभ्यास आम्ही बहुधा विसरतों, आणि अलीकडे तिनें आठवण देण्याचें सोडून दिलें आहे. मध्यंतरीं डॉक्टरांनीं आमचा गुडघा पाहून काठी वापरावयास सांगितलें. डाव्या गुडघ्याला काठी उजव्या हातांत धरावी लागते, हें त्यांनीं दोनदां बजावलें. काठी आणलेली आहे. ती दाराच्या कोंपऱ्यांत उभी असते, आणि खंड्या तिच्याजवळ झोपतो. पहिल्या दिवशीं ती हातांत घेऊन आम्ही फाटकाबाहेर पडलों तेव्हां तो संवयीनें उजवीकडे आला, काठी पाहून थबकला, आणि आमच्या तोंडाकडे पाहत तेथेंच टेकला.