चर दिसतील असा उजेड

राळेगणसिद्धीला कॅमेरा घेऊन येणारे बहुतेक जण यादवबाबा मंदिरापाशी थांबतात, अण्णा हजारे यांचा फोटो काढतात आणि परततात. मला हे गाव टिपावंसं वाटतं ते उतारांवर. वर्षाला जेमतेम चारशे-पाचशे मिलिमीटर पावसाच्या या भागात १९७५नंतर पाणी अडवलं गेलं. त्याचा पुरावा समतल चर, नालाबांध आणि पाझर तलाव यांत आहे, आणि नेमके चरच फोटोत हरवतात.

दोष उजेडाच्या दिशेचा असतो. गाव साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्यात भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते, चराचा खड्डा आणि त्याच्या काठची भर एकाच रंगाची होऊन जातात. तिथे कुठलंही सेटिंग कामाला येत नाही. डिसेंबरच्या अखेरीस मात्र सूर्य दुपारीही सुमारे ४८ अंशांपर्यंतच चढतो. सकाळी आठच्या तिरप्या उन्हात तर एकेक चर सावलीने रेखला जातो. तेव्हा आयएसओ १००, एफ/८ आणि शटर १/१२५च्या आसपास ठेवून सुरुवात करावी. लख्ख दुपारी जुना नियम अजूनही खरा ठरतो : एफ/१६ला आयएसओ १०० असेल तर शटर १/१००.

माणसांचे फोटो काढताना अडचण पांढऱ्याची येते. कॅमेऱ्याचं मीटर समोरचं सगळं मध्यम राखाडी धरून चालतं. धोतर, सदरा, गांधी टोपी यांनी चौकट भरली की ते उजेड कमी करतं आणि पांढरं मळकट दिसतं. तिथे एक्सपोजर एका स्टॉपने वाढवावं. तोच माणूस अंधाऱ्या दारापुढे लहानसा उभा असेल तर उलट घडतं : मीटर अंधार उजळायला जातं आणि टोपी नुसता पांढरा डाग होते. तिथे पाऊण-एक स्टॉप कमी करावं लागतं. खादीचा पोत एकदा उडाला की परत आणता येत नाही. सावलीतला चेहरा रॉ फाइलमधून बराच सावरता येतो. म्हणून मी आधी पांढरं राखतो.

संध्याकाळी मंडपात दिव्यांखाली शटर १/१०० किंवा १/५० ठेवावं. आपली वीज ५० हर्ट्झची. बरेच दिवे सेकंदाला शंभरदा कमी-जास्त होतात, आणि त्याहून वेगवान शटरला फोटोत पट्टे उमटू शकतात. उजेड कमी पडला तर आयएसओ ३२००पर्यंत बिनधास्त वाढवावा.

पाझर तलावावर पोलरायझर लावला की पाण्यावरची आभाळाची चमक कमी होते, काठचा तळ दिसू लागतो. बदल्यात एक-दोन स्टॉप उजेड जातो.

माझा खरा आग्रह तुलनेच्या फोटोंचा आहे. पाणलोटाचं काम एका फोटोत कळत नाही. एकच तलाव ऑक्टोबरात आणि मेमध्ये, त्याच दगडावर उभं राहून, त्याच लेन्सने टिपावा. व्हाइट बॅलन्स ऑटोवर सोडला तर कॅमेरा हिरव्या आणि करड्या रानाचे रंग आपल्या मनाने बदलतो. तो ‘डेलाइट’वर, म्हणजे सुमारे ५५०० केल्विनवर, बांधून ठेवावा. वेळ शक्यतो सकाळचीच ठेवावी. सोबत वहीत तारीख आणि कॅमेऱ्याची दिशा लिहावी, म्हणजे पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणालाही तिथेच उभं राहता येईल.