तबकड्यांची पडताळणी

बँकेत वीस वर्षे लोकांच्या सह्या जुळवण्यात गेली. पण आपलेच अक्षर आपल्याला फसवील, असे कधी वाटले नव्हते.

त्याचे असे झाले. दिवाळीच्या झाडझुडीत आमच्या साकोलीच्या घरातल्या माळ्यावरून सीडींची पत्र्याची पेटी खाली आली. "काहून ठेवल्या हो ह्या? लावाच्या कुठं आता?" सौभाग्यवतींनी झाडू न सोडता विचारले. प्रश्न रास्त होता. नव्या लॅपटॉपला सीडीची खाचच नसते. शेवटी तडजोड झाली : पैसे मोजून घेतलेली सॉफ्टवेअरे ठेवायची, गाणी नि सिनेमे फोनवर मिळतात, ते भंगारात.

निवड करायला नागपूरला इंजिनियरिंग शिकणारे चिरंजीव सरसावले. जुन्या संगणकावर त्यांनी लिनक्स बसवलेले आहे. "बाबा, एकेक कशाला पाहता? शेल स्क्रिप्ट लिहितो."

शेल स्क्रिप्ट म्हणजे संगणकाला लिहून दिलेली हुकमांची यादी. आमच्या हेड ऑफिसच्या सर्क्युलरसारखीच. फरक इतकाच, की संगणक ती वाचतो. ही स्क्रिप्ट सीडीवर आपण काय खरडले आहे ते पाहतच नाही. २,०४८ बाइटांचे पहिले १६ कप्पे ती ओलांडते आणि सतराव्यात 'सीडी००१' ही खूण शोधते. आमच्या भाषेत, नमुना सही! त्याच कप्प्यात सीडीचे नाव असते, फार तर ३२ अक्षरांचे. मग आतली झडती. 'सेटअप' किंवा 'ऑटोरन' सापडले, तर विंडोजचा माल, '.डिस्क' नावाचे लपलेले फोल्डर सापडले, तर उबुंटू. उबुंटूच्या सीडी २०११ पर्यंत टपालाने फुकट येत. फुकट म्हटल्यावर मी पाच मागवल्या होत्या.

पहिल्या फेरीत निम्म्या सीडी नापास झाल्या. लिनक्सच्या लेखी इंग्रजी मोठा 'एस' वेगळा नि छोटा 'एस' वेगळा! 'कुळकर्णी' आणि 'कुलकर्णी' यांवरून चेक परत पाठवणाऱ्या मला हा गडी एकदम आपल्या बिरादरीतला वाटला. चिरंजीवांनी दुरुस्ती केली आणि हिशेब जुळत आला.

एक सोडून. तिच्यावर माझ्याच अक्षरात लिहिले होते : 'विंडोज ९८'. स्क्रिप्ट म्हणाली, "इन्स्टॉलेशन सीडी नाही." चिरंजीवांनी ती भंगारात टाकली. पण तीन पैशांच्या फरकासाठी रात्री दहापर्यंत लेजरे उपसलेला माणूस मी. फरक राहिला की मला झोप येत नाही. म्हटले, उघड.

आत 'एमपीईजीएव्ही' नावाचे फोल्डर. म्हणजे व्हिडिओ सीडी! लावली, आणि सगळे आठवले. मंडईतल्या नाटकाची होती ती. पुतणे सिनेमाच्या सीडी उसन्या नेत आणि परत आणत नसत. विंडोज कोण नेतो, म्हणून मीच ते खोटे नाव घातले होते. डाळीच्या डब्यात पैसे लपवावेत, तसे. आणि विसरलो!

पडद्यावर वडील आले, तारवाल्याच्या वेषात. सबंध नाटकात त्यांना एकच वाक्य : "मालक, तार आली." तेही विसरले. विंगेतून प्रॉम्प्टर ओरडला, तेव्हा कुठे म्हणाले. आणि टाळ्या पडल्या म्हणून पुन्हा एकदा म्हणाले.

वडिलांना जाऊन आता नऊ वर्षे झाली. त्यांचा आवाज घरात दुसरीकडे कुठेच नाही. सौभाग्यवतींनी झाडू खाली ठेवला. "पुन्हा लाव रे," एवढेच बोलल्या.

रात्री चिरंजीवांनी स्क्रिप्टमध्ये एक ओळ वाढवली : असे फोल्डर दिसले, की पडद्यावर उमटावे, 'थांबा, आधी पाहा.'

मी सीडीवरचे 'विंडोज ९८' खोडलेले नाही. पुतणे अजून येतात.