चौकोन, त्रिकोण आणि डावा हात

बत्तीस वर्षे गणिताच्या फळ्यासमोर घालवून मी निवृत्त झालो, तेव्हा यापुढे आपल्याला कोणी काही शिकवील अशी कल्पनाही मनात नव्हती. शिकवणारा मी आणि शिकणारे इतर, अशी आयुष्याची मांडणी ठरून गेली होती. ती मोडली २०२०च्या टाळेबंदीत; आणि मोडली कोणी, तर माझ्या धाकट्या मुलाने, जो माझा सर्वांत कच्चा विद्यार्थी होता.

तो प्रवासी जहाजावर स्वयंपाकी. मार्चमध्ये जहाजे थांबली आणि तो वसईला घरी परतला. आम्हां दोघांत बोलणे असे फारसे नव्हतेच. "जेवलास?" "हो." एवढ्यावर दिवस सरे. रात्री त्याच्या खोलीतून ठोशांचे आणि आरोळ्यांचे आवाज येत. एके रात्री झोप येईना म्हणून मी आत जाऊन बसलो. त्याने एक शब्द न बोलता दुसरा कंट्रोलर माझ्या हाती दिला.

खेळाचे नाव टेकेन, भाग सातवा. समोरासमोर दोन मल्ल आणि हातात चार बटणे: चौकोन म्हणजे डावा ठोसा, त्रिकोण उजवा, फुली डावी लाथ, वर्तुळ उजवी. भूमितीच्या शिक्षकाला यापरता सोपा खेळ कोणता, असे वाटून मी सारी बटणे एकदम बडवू लागलो. क्वचित एखादी फेरी जिंकलोही. "डॅडी, ही तुम्ही जिंकला नाहीत, मी हरलो," तो म्हणाला. वर्गात तुक्क्याने बरोबर आलेल्या उत्तराला मीही शून्य गुण देत असे. त्यामुळे वाद घालता आला नाही.

त्याचा आवडता मल्ल 'किंग', बिबट्यासारख्या जग्वारचा मुखवटा घालणारा. या पात्रामागे मेक्सिकोतील एक खरेखुरे धर्मगुरू आहेत, हे मला त्याच्याकडून कळले. फादर सेर्खिओ गुतिएरेस बेनितेस यांनी आपल्या अनाथाश्रमातील मुलांना पोसण्यासाठी 'फ्राय तोर्मेन्ता' या नावाने मुखवटा घालून अनेक वर्षे कुस्त्या केल्या. खेळातला पहिला किंगही अनाथाश्रमासाठीच आखाड्यात उतरतो. हे ऐकल्यावर माझ्या पत्नीचा त्या आरडाओरड्याला असलेला विरोध पुष्कळच मावळला.

किंगचे खरे हत्यार म्हणजे पकड. ठोसा अडवता येतो, पण पकड नुसत्या बचावाने अडत नाही. ती सोडवावी लागते. मल्लाचा डावा हात पुढे आला तर चौकोन, उजवा आला तर त्रिकोण, दोन्ही आले तर दोन्ही बटणे. पडद्यावर एका सेकंदात साठ चित्रे सरकतात आणि त्यांतल्या मोजक्याच चित्रांत हा निर्णय घ्यायचा असतो. मला तर हातच दिसत नव्हता. दिसे ते एवढेच, की आपण हवेत गरगर फिरतो आहोत.

मग त्याने शिकवायला घेतले. आधी केवळ डाव्या हाताची पकड, वीस वेळा. दुसऱ्या दिवशी केवळ उजव्या हाताची. चार दिवसांनी दोन्हींची सरमिसळ. मी जुन्या सवयीने वहीत नोंद ठेवू लागलो: विसांपैकी तीन, चार, चार, आणि मग दोन. डावे-उजवे नीट कळू लागल्यावर गुण वाढण्याऐवजी घसरले, कारण आता मी विचार करू लागलो होतो आणि विचाराला वेळ लागतो. "हे असंच होतं, डॅडी. पुन्हा करू."

त्या 'पुन्हा करू'ने मी अस्वस्थ झालो. तो सातवीत असताना याच घरात, जेवणाच्या टेबलावर, मी त्याला अपूर्णांक शिकवीत असे. छेद सारखे का करायचे, हे त्याने तिसऱ्यांदा विचारले की माझा आवाज चढे. एकदा मी त्याची वही भिरकावून दिली होती. ती त्याने मुकाट्याने उचलून आणली, तीही मला आठवते. आणि आता मी कोणता हात, कोणते बटण, हे किती वेळा विचारले असेल? एका संध्याकाळी मी मोजले: अकरा वेळा. अकराही वेळा उत्तर त्याच आवाजात आले.

सहाव्या की सातव्या आठवड्यात एका क्षणी मला तो डावा हात दिसला. खेळाचा वेग तोच होता, चित्रे तेवढीच सरकत होती. पण खांदा किंचित वळला, हात पुढे आला आणि माझा अंगठा आपणहून चौकोनावर गेला. पकड सुटली. त्या फेरीत मी हरलोच, तरी असा आनंद मला पेन्शनचा पहिला हप्ता मिळाला तेव्हाही झाला नव्हता. त्या दिवशी वहीत नोंद आहे: नऊ.

त्याच दिवसांत त्याने लाहोरच्या अर्सलान सिद्दीकची गोष्ट सांगितली. 'अर्सलान ॲश' या नावाने खेळणाऱ्या या तरुणाने २०१९ साली आधी जपानमध्ये आणि मग अमेरिकेत 'इव्हो' ही मोठी स्पर्धा जिंकली, आणि पाकिस्तानात माझ्या तोडीचे आणखी खेळाडू आहेत, असे वर सांगितले. पुढे 'नी' हा कोरियाचा नामांकित खेळाडू खरोखरच पाकिस्तानात जाऊन त्यांच्याशी खेळला. इतकी वर्षे जिंकत आलेला माणूस धडे घ्यायला परक्या देशात जातो, याचे मुलाला अप्रूप होते. मी गप्पच राहिलो.

वहीतला आकडा चौदावर गेला, त्या रात्री मला राहवले नाही. म्हणालो, "तुला अपूर्णांक शिकवताना मी फार..."

"डॅडी, हात बघा," तो पडद्यावरची नजर न काढता म्हणाला. मी बघितले नव्हते. किंगने मला गरगर फिरवून आपटले. थोड्या वेळाने तोच म्हणाला, "छेद सारखे का करायचे, ते मला जहाजावर कळलं. तीनशे माणसांचं सूप करताना." आणि त्याने पुढची फेरी सुरू केली.

२०२१च्या अखेरीस तो पुन्हा जहाजावर रुजू झाला. या खेळाचा आठवा भाग जानेवारी २०२४मध्ये आला, पण त्याला नवे यंत्र लागते. आमचे जुन्यावरच चालले आहे. तो सुट्टीवर येण्याच्या पंधरा दिवस आधी मी सरावाला बसतो. गेल्या खेपेस सतरापर्यंत पोचलो होतो. दोन्ही हात एकदम आले की अजून चुकतो.