लिस्बनचे आभाळ

लिस्बनला मी एकटाच तीन दिवस हिंडलो. पासपोर्टवरील माझे आडनाव वाचताच पाहुणघराची वृद्ध मालकीण हर्षभराने पोर्तुगीज बोलू लागली. मला शब्दही कळेना! तागुसकाठच्या बेलेममध्ये वास्को द गामाची कोरीव समाधी पाहिली. मन कोरडेच राहिले. तिसऱ्या दिवशी टेकडीवरील कार्मो मठात शिरलो. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, मिस्साच्या वेळी भूकंप झाला आणि मठाचे छत कोसळले. मधल्या दालनावर ते पुन्हा चढलेच नाही. उघड्या कमानींवर नुसते आभाळ. वसईच्या किल्ल्यातील बिनछपराच्या ख्रिस्तमंदिरांत बाळपणी आम्ही लपंडाव खेळत असू. येथे मात्र घरी आल्यासारखे वाटले. रात्री मालकिणीने खुणेनेच विचारले, काय आवडले? मी छताकडे बोट दाखवून नकारार्थी मान हलविली. खोली गळते आहे असे समजून बिचारी बादली घेऊन आली.