रत्नागिरीतला ब्रह्मी राजा

रत्नागिरी म्हटले की पाहुण्यांना हापूस, रत्नदुर्ग आणि लोकमान्य टिळकांचे जन्मस्थान आठवते. आम्ही उर्दू शाळेचे शिक्षक मात्र मुलांना आधी थिबा राजवाड्याकडे नेतो, कारण वर्गात बहादूरशहा जफर शिकवायचा असतो. दिल्लीच्या या बादशहाला इंग्रजांनी १८५८ मध्ये रंगूनला धाडले; तिथेच १८६२ मध्ये त्याचा इंतकाल झाला. पुढे १८८५ मध्ये ब्रह्मदेशचा राजा थिबा त्यांच्या हाती लागला, त्याला आणून ठेवले आमच्या गावी. हिशेब चोख!

खाडीकडे तोंड केलेला, उतरत्या छपरांचा हा वाडा १९१० मध्ये राहण्याजोगा झाला. तोवर राजाची चोवीस वर्षे इतर बंगल्यांत गेली होती. इथे जेमतेम सहा वर्षे काढून डिसेंबर १९१६ मध्ये तो वारला. त्याच्या थोरल्या मुलीने इथल्याच माणसाशी संसार मांडला. तिची लेक मराठी बोलत याच गावात म्हातारी झाली. आम्हाला वाड्यापेक्षा ही गोष्ट मोठी वाटते.

थिबा पॉइंटवरून खाली भाट्याची खाडी, पूल आणि राजिवडा दिसतो. तिथली कितीतरी घरे दर्यावर आणि आखातावर चालतात. त्यामुळे वतनापासून दूर राहणे म्हणजे काय, हे या मुलांना समजावून सांगावे लागत नाही. राजाच्या थडग्यापाशी सहावीतल्या एका मुलीने विचारले, "सर, यांची मय्यत घरी का नाही नेली?"

इंग्रजांनी नेऊ दिली नाही, एवढेच आम्ही सांगितले. तिचे अब्बा कुवेतला असतात.