रेडिओवरचा डॉक्टर आणि आपली पोरे

शेतकऱ्याला काय करावे हे सांगणे हा माझा रोजचा धंदा. कोणत्या वाणाचे बी घ्या, खताचा हप्ता कधी द्या, पंपाला औषध किती टाका. बी. एस्सी. अॅग्री होऊन खात्यात लागल्यापासून हेच करीत आलो. त्यामुळे 'आईबापांनी काय करावे हे मी सांगणार नाही' असे आधीच बजावून रेडिओवर बोलणाऱ्या एका डॉक्टरविषयी वाचले, तेव्हा मी सावरूनच बसलो.

डोनाल्ड विनिकॉट (१८९६–१९७१) हे इंग्लंडमधले मुलांचे डॉक्टर आणि मनाच्या दुखण्यांचे जाणकार. लंडनच्या पॅडिंग्टन ग्रीन इस्पितळात त्यांनी चाळीस वर्षे पोरे तपासली, आणि १९४३ च्या सुमारापासून बी. बी. सी. वर आयांशी बोलू लागले. १९४९ साली त्यांची 'साधी मायाळू आई आणि तिचे बाळ' या विषयावरची भाषणे गाजली. त्यांचे म्हणणे असे की, साध्या घरातली साधी आई बरेचसे नीटच करीत असते. ते का नीट आहे एवढे तिला समजले, की शहाण्यासुरत्यांचे सल्ले ऐकून ती बिचकत नाही. आई पुरेशी चांगली असली की झाले, काही न चुकणारी आई पोराला नकोच.

त्यांचा एक दाखला तर आमच्या खात्यातला वाटावा. डॅफोडिल म्हणून फुलझाड असते, कांद्यासारखा त्याचा कंद. तो मातीत ठेवला की त्याचे फूल आपल्याला बनवावे लागत नाही. माती योग्य हवी, पाणी बेताचे हवे. बाकी जीव कंदातच असतो. मूलही तसेच, असे ते सांगत. १९६० साली तर त्यांनी आधी आयांच्या आपसांतल्या गप्पा ऐकवल्या, घरात कशाकशाचा वैताग येतो ते त्यांच्याच तोंडून, आणि मग स्वतः बोलले. आपल्या पुणे आकाशवाणीने १९५६ साली दीडशे खेड्यांत शेतकऱ्यांचे गट करून असेच काहीसे केले होते. आधी रेडिओ ऐकायचा, मग आपसांत चर्चा, मग शंका केंद्राकडे. ऐकून घेणारा माणूस लोकांना पटतो, हे तेव्हाही दिसले होते.

त्यांचे सगळेच आपल्याला लागू पडते असे मात्र नाही. त्या भाषणांत आजी फारशी भेटत नाही, चुलती तर नाहीच. आपल्याकडे बाळ दहा हातांवर वाढते. पण एक गोष्ट आपल्या दाराशी येऊन ठेपलेली आहे. १९३९ च्या सप्टेंबरात बॉम्बच्या भीतीने इंग्लंडच्या शहरांतली लाखो मुले आईबापांवाचून खेड्यांत पाठवली गेली. पाच वर्षांखालच्या पोरांना आईपासून तोडणे धोक्याचे आहे, असे पत्र विनिकॉट यांनी दोन सहकाऱ्यांसह त्याच डिसेंबरात वैद्यकीय नियतकालिकाला लिहिले. पुढे ऑक्सफर्डशायरच्या वसतिगृहांत ते जात, तेव्हा त्यांच्यापुढे येत ती कुणाच्याच घरी न टिकलेली पोरे. अंथरूण ओले करणारी, चोऱ्या करणारी. चोरणारे पोर वस्तूच्या मागे नसते, असे त्यांचे निदान होते. जिच्यावर आपला हक्क होता ती आई ते शोधत असते. आणि जिथे अजून आशा आहे तिथेच ते असे करते. म्हणून त्याला मोकळे सोडा, असे मात्र त्यांनी सांगितले नाही. खंबीर आणि न डगमगणारे माणूस त्याच्याजवळ हवे, यावर त्यांचा भर होता.

हे मला कामाला आले ते कांद्याच्या गादीवाफ्यावर. मर रोग पाहायला गेलो होतो. घरची बाई रोपे दाखवता दाखवता थांबली. पाचवीतला मुलगा यंदाच निवासी शाळेत ठेवलेला. दिवाळीला आला आणि साखरेच्या डब्यातले तिचे पैसे त्याने उचलले. बापाने फोकाने मारले. ''साहेब, पोरगं चोर निघालं का हो?''

मी तिला विलायतेतल्या त्या पोरांची गोष्ट सांगितली. ती पदर तोंडाला लावून ऐकत राहिली. मालक मात्र बांधावरून म्हणाले, ''मग काय, ऊस सोडून साळंत जाऊन बसू?'' त्यांचे खोटे नव्हते. गावची शाळा चौथीपर्यंत, पुढची आठ किलोमीटरवर, आणि एस. टी. दिवसाला एकच.

''बाजाराला जाता ना दर आठवड्याला? शाळा त्याच रस्त्यावर आहे,'' एवढेच मी म्हणालो.

ते आता दर बाजारी वाट वाकडी करून जातात. पोराशी फार बोलत नाहीत म्हणे, भाकरी-चटणीचे फडके देतात आणि तो जेवेपर्यंत बसतात. आईने जुन्या लुगड्याची उशीची खोळ शिवून पाठवली. विनिकॉट यांनी तान्ह्या पोरांच्या अशा फडक्याविषयी लिहून ठेवले आहे, की ते धुऊ नका, वास जातो. वसतिगृहातल्या बाईंनी ती खोळ पहिल्याच आठवड्यात धुतली. मग आईने दुसरी शिवली.